भांडी फोडा, होड्या बुडवा: एक चिनी वाक्प्रचार मुळापासून समजून घेताना

'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार एखाद्या चिनी विद्यार्थ्याला शिकवायचा आहे असं समजा. 'ध' हे अक्षर, 'मा' हे अक्षर, 'करणे' हे क्रियापद. शब्दकोश उघडून त्याने तिन्ही अर्थ लावले तरी त्याच्या हाती काही लागणार नाही. त्याला १७७३ सालचा शनिवारवाडा सांगावा लागेल, नारायणराव पेशव्यांबद्दलची ती चिठ्ठी सांगावी लागेल, 'धरावे'चं 'मारावे' कसं झालं ती आख्यायिका सांगावी लागेल. मग कुठे त्याला ती तीन अक्षरं बोलती होतील. 'पानिपत होणे'चंही तसंच.

चिनी भाषेत असे वाक्प्रचार हजारोंनी आहेत आणि त्यांना 'छंग-यू' म्हणतात. बहुतेक सगळे चार अक्षरांचे. नवीन शिकणारे ते पाढ्यासारखे पाठ करतात, म्हणजे चार अक्षरं, पुढे अर्थ, की झालं. तसे केलेले पाठ महिन्याभरात विसरले जातात आणि लक्षात राहिले तरी चुकीच्या जागी वापरले जातात. म्हणून इथे एकच वाक्प्रचार घेऊ आणि तो पुरता उलगडू. तो आहे 'फो फू छन् चोउ'. शब्दशः अर्थ, 'भांडी फोडा, होड्या बुडवा'. याच रीतीने पुढचे कितीही तुम्हाला स्वतः उलगडता येतील.

पायरी पहिली: चार अक्षरं सुटी करा

'फो' म्हणजे फोडणे, मोडणे. अक्षराच्या डाव्या बाजूला 'दगड' आहे आणि उजवीकडे 'कातडं'. दगड अर्थाची दिशा देतो, कातडं फक्त उच्चारासाठी आलंय. मराठी 'फोडणे'शी आवाज जुळतो, तो निव्वळ योगायोग. लक्षात ठेवायला त्याचा उपयोग करा, नातं मात्र शोधायला जाऊ नका.

'फू' म्हणजे चुलीवर ठेवायचा गोल बुडाचा मोठा टोप. अक्षराच्या वरच्या भागात 'बाप' हे चिन्ह उच्चारासाठी बसलंय, खाली 'धातू'चं चिन्ह आहे, पण वरच्या रेघांमध्ये अर्धवट मिसळून गेलेलं. इथे चिनी मुलंही हमखास चुकतात. अगदी याच उच्चाराचं, याच सुराचं दुसरं एक अक्षर आहे, त्यातही वर 'बाप'च असतो, आणि त्याचा अर्थ कुऱ्हाड! ते लिहिलं की 'कुऱ्हाड मोडून होडी बुडवली' असं होतं. ऐकताना फरक कळत नाही, कागदावर गोष्टच बदलते. तळाशी धातू आहे ना, एवढं पाहून घ्या.

'छन्' म्हणजे बुडणे किंवा बुडवणे. डावीकडे पाण्याचे तीन थेंब. 'चोउ' म्हणजे होडी. हे मुळात होडीचं चित्रच आहे.

पायरी दुसरी: मोठ्याने म्हणा

उच्चारात मराठी माणसाला एक जन्मजात सोय आहे. क-ख, च-छ, प-फ हा फरक आपल्या कानाला आणि जिभेला लहानपणापासून माहीत असतो आणि चिनी भाषेत तोच फरक फार महत्त्वाचा. पहिल्या 'फो'मधला फ हा ओठ मिटून सोडलेला, 'फळ' हा शब्द आजी-आजोबा म्हणायचे तसा. दुसऱ्या 'फू'मधला फ मात्र खालच्या ओठाला वरचे दात टेकवून, 'फोन'मधल्यासारखा. 'छन्'मधला छ महाप्राण, 'चोउ'मधला च अल्पप्राण. दोन्हींत जीभ थोडी मागे वळवायची.

आता सूर. चिनी भाषेत चार मुख्य सूर आहेत. पहिला उंचावर सपाट राहणारा, दुसरा वर चढणारा, तिसरा खाली दबून राहणारा, चौथा झटकन खाली पडणारा. 'फो' चौथ्या सुरात आहे, 'फू' तिसऱ्या, 'छन्' दुसऱ्या, 'चोउ' पहिल्या. चार, तीन, दोन, एक अशी उलटी मोजणी! चारही सूर एकेकदा आणि तेही उतरत्या क्रमाने, असे वाक्प्रचार फार सापडत नाहीत. सुरांचा सराव करायचा असेल तर रोज सकाळी हा दहा वेळा म्हणा. मला तरी यापेक्षा चांगला व्यायाम सापडलेला नाही.

पायरी तिसरी: सांधा कुठे आहे ते पाहा

फोडा–भांडं, बुडवा–होडी. क्रिया आणि वस्तू, पुन्हा क्रिया आणि वस्तू. मधे 'आणि' नाही, काळ नाही, कर्ता नाही. आपल्या 'काखेत कळसा, गावाला वळसा'लाही मधोमध असाच सांधा आहे, दोन्हीकडे वजन सारखं. छंग-यूमध्ये ही दोन-दोनची जोडी सतत भेटते. ती दिसली की अर्थ लावणं निम्म्याने सोपं होतं.

पण कर्ता नाही, हे मनात टिपून ठेवा. कोणी फोडली भांडी? स्वतःची की शत्रूची? चार अक्षरं यावर गप्प आहेत. इथेच गोष्टीकडे जावं लागतं.

पायरी चौथी: शब्दकोशातलं 'छू-छू' शोधा

छंग-यूच्या कोणत्याही बऱ्या चिनी शब्दकोशात उच्चार आणि अर्थ यांच्याखाली 'छू-छू' असा मथळा असतो. त्याचा अर्थ 'उगम', म्हणजे हा वाक्प्रचार कोणत्या ग्रंथातून आला. नवशिके नेमकी हीच ओळ सोडून देतात. आपल्या वाक्प्रचारापुढे तिथे 'शी-ची' हे नाव दिसेल. हा सिमा छ्येन या इतिहासकाराचा ग्रंथ. इसवी सनापूर्वी सुमारे १०० च्या आसपासचा, १३० प्रकरणांचा. त्यातलं सातवं प्रकरण श्यांग यू या सेनानीवर आहे. ग्रंथाचा हा भाग सम्राटांच्या चरित्रांचा. श्यांग यू कधीच सम्राट झाला नाही, तरी सिमा छ्येनने त्याला त्या रांगेत बसवलं. लेखकाच्या मनात या माणसाचं वजन किती होतं, ते एवढ्यावरून कळतं.

मूळ ग्रंथ 'चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट' या संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. जुनी चिनी येत नसली तरी ते प्रकरण उघडा आणि आपली अक्षरं डोळ्यांनी हुडका. सापडली की होणारा आनंद वेगळाच असतो.

पायरी पाचवी: गोष्ट पुरती वाचा

इथे घाई करू नका. शब्दकोशात ही गोष्ट दोन ओळींत उरकलेली असते आणि त्या दोन ओळींत तिचा जीव जातो.

इ.स.पू. २२१ मध्ये छिन राज्याने बाकीची राज्यं जिंकून चीन एक केला. पहिला सम्राट इ.स.पू. २१० मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी बंडं पेटली. जिंकलेली जुनी राज्यं पुन्हा डोकं वर काढू लागली. त्यांत दक्षिणेकडचं छू होतं आणि उत्तरेकडचं चाओ. छूच्या बंडाचा मोठा आधार होता श्यांग यूचा चुलता श्यांग ल्यांग. छिनचा सेनापती चांग हान याने त्याला लढाईत मारलं, मग उत्तरेला वळून चाओवर चाल केली. चाओचा राजा च्यू-लू या तटबंदीच्या गावात अडकला. आजच्या हबेई प्रांताच्या दक्षिण भागातली ही जागा. छिनच्या वांग ली या सेनापतीने गावाला वेढा घातला. चांग हान दक्षिणेला तळ देऊन राहिला आणि दोन्ही बाजूंना भिंती असलेला एक रस्ता बांधून त्यातून वांग लीच्या फौजेला धान्य पुरवू लागला. हा रस्ता विसरू नका.

चाओने मदत मागितली. छूच्या राजाने सुंग यीला मुख्य सेनापती नेमलं, श्यांग यूला त्याच्या हाताखाली. श्यांग यू तेव्हा पंचविशीच्या घरातला होता. सुंग यीने फौज वाटेत थांबवली आणि ४६ दिवस तिथून हलवली नाही. त्याचं म्हणणं, छिन आणि चाओला आपसात लढू द्या, जो जिंकेल तो दमलेला असेल, मग आपण पुढे होऊ. हिशेब म्हणून पाहिलं तर हे म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पण दिवस थंडीचे होते, पाऊस कोसळत होता, सैनिक गारठले होते, उपाशी होते. सिमा छ्येन लिहितो की ते कंद आणि कडधान्यावर दिवस काढत होते आणि छावणीत धान्याचा साठाच नव्हता. त्याच वेळी सुंग यी आपल्या मुलाला दुसऱ्या राज्यात मोठ्या पदावर पाठवत होता आणि त्यानिमित्त मेजवानी झोडत होता.

श्यांग यूचा युक्तिवाद ऐका. नदी ओलांडू, चाओचं धान्य खाऊ, चाओबरोबर मिळून छिनला हाणू. सुंग यी बधला नाही. एका सकाळी श्यांग यू त्याच्या तंबूत गेला आणि त्याचं डोकं उडवून बाहेर आला. सेना त्याच्या हाती आली.

त्याने आधी २०,००० सैनिक नदीपार धाडले. त्यांना थोडंफार यश आलं. पलीकडून आणखी मदतीची मागणी आली, तेव्हा तो सगळी फौज घेऊन चांग नदी उतरला. उतरल्यावर होड्या बुडवल्या, टोप आणि भांडी फोडली, राहुट्या जाळल्या आणि प्रत्येकाजवळ फक्त तीन दिवसांची शिदोरी ठेवली. लढून मरू पण मागे फिरणार नाही, हे प्रत्येक सैनिकाला दिसावं म्हणून. मग वांग लीला वेढा घातला, नऊ झुंजी झाल्या, तो धान्याचा रस्ता तोडला आणि छिनची फौज मोडली. वांग ली जिवंत हाती लागला. त्याचा एक सरदार शरण न जाता स्वतःला जाळून घेऊन मेला. साल इ.स.पू. २०७.

पायरी सहावी: मूळ वाक्य आणि वाक्प्रचार शेजारी ठेवा

आता मजा बघा. मूळ वाक्यात गोष्टी चार आहेत, होड्या, भांडी, राहुट्या आणि तीन दिवसांची शिदोरी. वाक्प्रचारात राहिल्या दोन. मूळ वाक्यात होड्या आधी येतात, भांडी नंतर. वाक्प्रचारात भांडी पुढे आली. मूळ वाक्यात होडीसाठी 'छ्वान' हा शब्द आहे, वाक्प्रचारात 'चोउ'. म्हणजे हे अवतरण नव्हेच. नंतरच्या पिढ्यांनी प्रसंगातून निवडून, घासून, कानाला गोड लागेल असं बसवलेलं हे चौकट-काम आहे. छंग-यू बहुधा असेच घडतात, म्हणून मूळ ग्रंथात चारही अक्षरं ओळीने सापडली नाहीत तर गोंधळू नका.

होडी सगळ्यांना लगेच कळते. परतीचं साधन गेलं. स्पॅनिश सेनानी कोर्तेसनेही १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आपली जहाजं निकामी केली होती. पण भांडी कशाला फोडायची? भांडी घेऊन कोणी पळून जात नाही!

मला वाटतं या वाक्प्रचाराचं मर्म भांड्यात आहे. मूळ वाक्यात 'फू'बरोबर 'त्संग' असं आणखी एक भांडं येतं. त्याच्या बुडाला भोकं असतात, ते टोपावर ठेवून वाफेवर धान्य शिजवतात, आपल्या मोदकपात्राच्या चाळणीसारखं. हे दोन्ही फुटलं की कच्चं धान्य असूनही शिजवता येत नाही. म्हणजे जवळ आहे तेवढंच खाणं आणि ते तीन दिवसांचं. होडी बुडाली तेव्हा मागची जागा बंद झाली, भांडं फुटलं तेव्हा पुढचे दिवस मोजके झाले. नुसत्या होड्या बुडाल्या असत्या तर फौज त्या काठावर महिनाभर तळ ठोकून बसू शकली असती, सुंग यीसारखी.

आणि हेही आठवा की छावणीत शिजवायला फारसं काही नव्हतंच. जेवण होतं ते पलीकडे, शत्रूच्या कोठारात आणि चाओच्या गावात. श्यांग यूने आपले टोप फोडले आणि लगेच शत्रूचा धान्याचा रस्ता तोडला. पुढच्या-मागच्या ओळी वाचल्या की संपूर्ण प्रसंग भुकेभोवती फिरताना दिसतो. शब्दकोशातल्या 'ठाम निर्धार' या अर्थात हे कुठेही उतरत नाही.

पायरी सातवी: भावंडं ओळखा

जवळच्या अर्थाचे दोन वाक्प्रचार सोबतच शिकून घ्या. 'ची ह फन् चोउ', म्हणजे 'नदी ओलांडून होड्या जाळणे'. हा श्यांग यूच्याही चारशे वर्षं आधीचा, इ.स.पू. ६२४ चा प्रसंग, जेव्हा छिन राज्याच्या मू या राजाने चिन या वेगळ्या राज्यावर चढाई केली होती. म्हणजे ही युक्ती श्यांग यूची स्वतःची नव्हे. दुसरा 'पेइ श्वेइ यी चान', 'पाण्याकडे पाठ करून लढाई'. इ.स.पू. २०४ मध्ये हान शिन या सेनापतीने नदी पाठीशी ठेवून फौज उभी केली. पण त्याने २,००० घोडेस्वार लाल निशाणं देऊन आधीच डोंगरात लपवले होते. शत्रू छावणी सोडून बाहेर येताच त्यांनी ती बळकावली. दोन्ही वाक्प्रचारांत मागे वाट नाही. पण 'पेइ श्वेइ यी चान' परिस्थितीने कोंडीत सापडलेल्यालाही लावतात, आणि 'फो फू छन् चोउ'मध्ये कोंडी माणसाने स्वतःच्या हाताने केलेली असते.

च्यू-लूच्या त्याच परिच्छेदातून आणखी दोन वाक्प्रचार निघालेत. चाओच्या मदतीला इतर राज्यांच्या दहाहून अधिक फौजा आलेल्या होत्या, पण त्या आपापल्या तटांवर उभ्या राहून नुसतं पाहत होत्या. त्यावरून 'त्स्वो पी शांग क्वान', 'तटावरून नुसतं बघणे', म्हणजे मदत न करता मजा पाहणे. आणि छूचा एकेक सैनिक दहांना भारी पडला, त्यावरून 'यी यी तांग श'. एक गोष्ट नीट वाचलीत की तीन वाक्प्रचार हाती आले. लढाईनंतर तेच तटावरचे सेनापती श्यांग यूच्या छावणीत गुडघ्यांवर रांगत आले, मान वर करून बघायची त्यांची हिंमत झाली नाही, असं सिमा छ्येन लिहितो.

पायरी आठवी: मराठीत आणताना जपून

मराठी वाचकाला पहिल्यांदा आठवतो तो सिंहगड. ४ फेब्रुवारी १६७०, तानाजी पडलेला, मावळे कड्याकडे धावलेले, आणि सूर्याजी सांगतो की दोर कापून टाकलेत. 'परतीचे दोर कापणे' हा आपला वाक्प्रचार तिथूनच मनात बसलाय आणि भाषांतर करताना मी तोच सर्वांत आधी वापरेन.

तरी दोन फरक लक्षात असू द्या. सूर्याजीने दोर कापले ते सेनापती पडल्यावर, पळ सुरू झाल्यावर, लढाई हातची जाताना. श्यांग यूने होड्या बुडवल्या त्या पहिला घाव घालण्याआधी, ठरवून. दुसरा फरक वापरातला. 'आता त्याचे परतीचे दोर कापले गेले' असं आपण हताशपणेही म्हणतो, दुसऱ्याने वाट बंद केली तरी म्हणतो. 'फो फू छन् चोउ'मध्ये कर्मणी हताशा नसते. करणारा स्वतःच करतो आणि बोलणाऱ्याला त्याचं कौतुक असतं.

पायरी नववी: वापरून पाहा

रोजच्या चिनी भाषेत हा बहुतेकदा 'निर्धार' या शब्दाला जोडून येतो: 'फो फू छन् चोउ द च्युए-शिन', भांडी फोडून होड्या बुडवण्याचा निर्धार. खेळाडू, उद्योजक, आणि सगळ्यांत जास्त परीक्षेला बसणारी मुलं. चीनमधल्या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या वर्गांत आणि वह्यांवर याच वाक्प्रचाराची एक द्विपदी हमखास दिसते. तिच्या पहिल्या ओळीत श्यांग यू असतो आणि दुसऱ्या ओळीत पित्त चाटून अपमान जागा ठेवणारा यूए राज्याचा राजा.

कुठे वापरायचा हे ठरवायला मी तीन प्रश्न विचारतो. मागची वाट माणसाने स्वतः बंद केली का? त्यात खरोखर मोलाचं काही गेलं का? आणि वेळ मोजकी आहे का? कोणी पक्की नोकरी सोडली, साठवलेले सगळे पैसे घातले आणि सहा महिन्यांत दुकान उभं करायचं ठरवलं, तर बसतो. नोकरीतून कोणाला काढून टाकलं, तर बसत नाही. 'आज जिना चढूनच जाईन, लिफ्ट नको' यासाठी तर मुळीच नको, ऐकणाऱ्या चिनी माणसाच्या डोळ्यांपुढे नदी आणि जळत्या राहुट्या येतात.

पायरी दहावी: प्रकरण शेवटपर्यंत वाचा

शब्दकोश च्यू-लूच्या विजयाशी थांबतो. तुम्ही थांबू नका. पुढच्या पानांवर शरण आलेले २,००,००० हून अधिक छिन सैनिक श्यांग यूच्या हुकमाने ठार करून पुरले जातात. मग ल्यू पांग या प्रतिस्पर्ध्याशी चार वर्षांचं युद्ध होतं आणि शेवटी एका रात्री चारही बाजूंच्या शत्रूच्या छावण्यांतून त्याला आपल्याच छूची गाणी ऐकू येतात. 'स म्यान छू क', 'चहूकडे छूची गाणी', हा पुढचा वाक्प्रचार तुम्ही स्वतः उलगडा, याच दहा पायऱ्यांनी.

त्याच्यानंतर दोन पानांवर नदी पुन्हा येते. इ.स.पू. २०२, वू-च्यांगचा काठ. तिथला अंमलदार होडी तयार ठेवून उभा आहे. म्हणतो, या भागात माझ्या एकट्याकडेच होडी आहे, लवकर बसा, पलीकडे तुमचा मुलूख आहे, तिथे अजून राज्य करता येईल. श्यांग यू हसतो. म्हणतो, पलीकडून ८,००० पोरं माझ्याबरोबर ही नदी उतरून आली होती, त्यातलं एकही परत जात नाही, त्यांच्या आईबापांना मी कोणतं तोंड दाखवू? मग पाच वर्षं सोबत केलेला घोडा तो त्या अंमलदाराला देऊन टाकतो, स्वारांना पायउतार व्हायला सांगतो आणि शत्रूकडे चालू लागतो. होडी काठाला तशीच राहते.